पार्ट बदलणं म्हणजे निदान नव्हे

(पोस्ट मोठी आहे. गाडी चालवत असाल, किंवा कुणाच्या तरी गाडीत मागे बसत असाल, तर शेवटपर्यंत वाचा.)

"गाडी ऐंशीच्या पुढे गेली की थरथरते."

हे वाक्य आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्याच्या गावी, कुठल्याही गॅरेजमध्ये जाऊन म्हणून बघा. दहापैकी नऊ ठिकाणी समोरचा माणूस गाडीत बसणार नाही. कधीपासून, कुठे, किती वेगाला, असलं काही विचारणार नाही. पाच सेकंदांत निकाल येईल, "बॅलन्सिंग करून घ्या." बॅलन्सिंग करूनही थरथर राहिली तर "अलाइनमेंट बघू". मग "टायर गेलेत". मग "शॉकअप बसलेत". मग "बॉल जॉइंट". शेवटी खिशातले पैसे आणि अंगातला दम दोन्ही संपले की हमखास येणारं वाक्य, "साहेब, रस्तेच तसले आहेत. चालवा बिनधास्त."

डॉक्टरने नाडी न बघता, पोटाला हात न लावता, दर आठवड्याला नवीन गोळी दिली आणि महिन्याने म्हणाला की हवाच खराब आहे, तर आपण त्याच्याकडे परत जाऊ का? गाडीच्या बाबतीत जातो. वर बिलही भरतो, आणि ते बिल बऱ्याचदा कच्च्या कागदावर असतं.

माझा राग कुठून आला ते आधी सांगतो, म्हणजे हवेत बोलतोय असं वाटायला नको.

आमच्या घरात एक व्हॅन आहे. पांढऱ्या पाटीची, सात वर्षांची. इंजिन पुढे सीटखाली, ताकद मागच्या चाकांना, मध्ये खालून जाणारा लांब शाफ्ट. मेहुणा चालवतो. सासूबाईंना दर तीन आठवड्यांनी केमोसाठी साताऱ्याहून पुण्याला न्यायचं असतं. जाताना ठीक, येताना त्यांना मधल्या सीटवर आडवं व्हावं लागतं. गेल्या वर्षी क्लचप्लेट बदलली आणि त्यानंतरच्या पहिल्याच फेरीत गाडी पंचाहत्तरच्या पुढे घरघरायला लागली. नव्वदला सगळ्यात जास्त. स्टिअरिंग शांत, पण सीट आणि पायाखालचा पत्रा मुंग्या आल्यासारखा. सासूबाई म्हणाल्या, "गाडी अंगात शिरतीये." केमो झालेल्या बाईला दोन तास ते सोसावं लागतं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी आहे त्यांना सांगायला नको.

त्यानंतर आठ महिन्यांत चार गॅरेज झाली. नावं सांगणार नाही, कारण भांडण एका गॅरेजशी नाही. हिशोब मात्र सांगतो.

बॅलन्सिंग-अलाइनमेंट दोन वेळा, २,४०० रुपये.
पुढचे दोन टायर, ९,६००.
पुढचे शॉकअप, मजुरीसकट ७,८००.
बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड, ४,७००.
इंजिनचं फाउंडेशन, ३,९००.

एकूण २८,४०० रुपये. घरघर जशीच्या तशी.

आता या यादीकडे परत एकदा बघा. स्टिअरिंग शांत होतं. हादरा सीटला आणि पत्र्याला होता. तरीही २८,४०० पैकी बहुतेक सगळा खर्च पुढच्या चाकांवर झाला! मेहुणा प्रत्येक ठिकाणी पहिलं वाक्य हेच बोलायचा, "क्लचचं काम झाल्यापासून होतंय." चारपैकी एकानेही त्या वाक्यावर पुढचा प्रश्न विचारला नाही. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये तर स्कॅनर लावला, स्क्रीन दाखवली आणि सांगितलं, "एकही कोड नाही, गाडी ओके आहे." अहो, स्कॅनर बघतो तो इंजिनचे सेन्सर आणि वायरिंगमधले दोष. रिम वाकलीये, टायरच्या आतला पट्टा सुटलाय, शाफ्टचा क्रॉस जाम झालाय, हे त्याला कसं दिसणार? थर्मामीटरने हाड मोडलेलं कळतं का?

मग हे ओळखायचं कसं? हे काही रॉकेट सायन्स नाही, शाळेतलं गणित आहे. या पोस्टमधला हा सगळ्यात उपयोगाचा भाग, म्हणून सावकाश सांगतो.

गाडीत फिरणाऱ्या वस्तू तीन वेगवेगळ्या गतीने फिरतात. चाकं, शाफ्ट आणि इंजिन. हादरा कुणाच्या गतीशी जुळतो ते शोधलं की निम्मं काम झालं.

चाक घ्या. छोट्या व्हॅनच्या टायरचा घेर साधारण १.८ मीटर धरा. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. म्हणजे चाक सेकंदाला जवळजवळ १४ वेळा फिरतं. त्यामुळे चाकाचा दोष असेल तर सेकंदाला १४ धक्के बसतात. हे धक्के ढोबळ असतात, हाताला स्टिअरिंगची "वॉबल" म्हणून कळतात. पुढचं चाक असेल तर स्टिअरिंग हलतं, मागचं असेल तर सीट हलते.

शाफ्ट मागच्या गिअरमुळे चाकापेक्षा साधारण चार ते पाच पट जोरात फिरतो. म्हणजे त्याच वेगाला सेकंदाला साठ-सत्तर फेरे. हा हादरा मोजता येत नाही, तो गुणगुणतो. पत्र्यातून, सीटमधून मुंग्या येतात, आरशातलं चित्र धूसर होतं, कानाला घरघर लागते. आमच्या व्हॅनचं वर्णन आठवा.

इंजिनचा हादरा वेगाशी बांधलेला नसतो, आरपीएमशी असतो. गाडी उभी करून तेवढेच आरपीएम दिले तरी तो येतो. गिअर बदलला की वेग तोच असूनही बदलतो. उभ्या गाडीत येतच नसेल तर इंजिनचं फाउंडेशन बदलायला कशाला सांगता?

आणि चौथा, ब्रेक दाबल्यावरच येणारा हादरा. तो डिस्कचा किंवा ड्रमचा. ब्रेक न दाबता येत असेल तर डिस्क बदलायची काहीही गरज नाही.

बॅलन्सिंगला मी नावं ठेवतोय असं समजू नका. ते फार महत्त्वाचं आहे. १४ इंची रिमच्या कडेला ५० ग्रॅमचा फरक असला, तर ताशी ९० ला तो चाकाला साधारण ७ किलो वजनाच्या जोराने ओढतो, सेकंदाला १४ वेळा. ४५ च्या वेगाला हाच जोर पावणेदोन किलो, कारण वेग निम्मा झाला की जोर चौथाई होतो. म्हणून गावात गाडी लोण्यासारखी चालते आणि हायवेला थरथरते. पावसाळ्यात रिमच्या आत चिखल वाळून बसला, किंवा रिमला लावलेलं छोटं शिशाचं वजन निसटलं, तरी एवढा फरक पडतो. तेव्हा पहिल्यांदा बॅलन्सिंग करणं चूक नाहीच. ते करून फरक पडला नाही, तरी चाकांवरच खर्च करत राहणं, ही चूक.

"रस्ते खराब आहेत" याचंही उत्तर यातच आहे. रस्त्याचा हादरा रस्त्याबरोबर बदलतो. खंबाटकी उतरून नवीन डांबरावर आलात तरी बरोबर त्याच वेगाला तोच हादरा येत असेल, तर तो तुमच्या गाडीतला आहे. खड्ड्यांनी रिम वाकते, टायर आतून फाटतो, बुश जातात, हे शंभर टक्के खरं. त्यासाठी रस्ते करणाऱ्यांना जेवढ्या शिव्या घालाल तेवढ्या कमी. पण खड्डा हे कारण झालं. काय मोडलंय ते शोधायचं काम त्याने संपत नाही.

आमच्या गाडीचं शेवटी काय झालं तेही सांगतो. औद्योगिक वसाहतीच्या मागे एक वयस्कर मिस्त्री आहेत, बहुतेक काम टेम्पो-ट्रकचं. त्यांनी गाडी उचलायच्या आधी वही काढली. कधीपासून? क्लचनंतर. बरं, क्लचला शाफ्ट उतरवला असेल ना? असणारच, त्याशिवाय गिअरबॉक्स निघत नाही. मग स्वतः शेजारी बसले, मेहुण्याला हायवेला घ्यायला सांगितलं. ६०, ७०, ८०, ९० ला स्टिअरिंग कसं, सीट कशी, ते लिहिलं. मोकळ्या, सरळ, सपाट पट्ट्यावर नव्वदला गाडी क्षणभर न्यूट्रल केली. इंजिन शांत झालं, घरघर तशीच. म्हणजे इंजिन सुटलं. हलका ब्रेक लावला, काही बदल नाही. डिस्क सुटली. परत येऊन पुढची चाकं मागे, मागची पुढे. पुन्हा एक चक्कर, घरघर जागची हलली नाही. चाकं सुटली. मग मागचा ॲक्सल स्टँडवर घेतला, मागची चाकं काढून ठेवली आणि गाडी गिअरमध्ये फिरवली. चाकं नसतानाही पत्रा गुणगुणला.

आता उरलं काय? शाफ्ट.

उतरवल्यावर दोन गोष्टी निघाल्या. मागचा क्रॉस एका बाजूला जाम होता, हाताने वळवला तर अडकत अडकत जात होता. आणि शाफ्ट जिथे मागच्या फ्लँजला बसतो तिथल्या खुणा जुळत नव्हत्या. शाफ्ट उतरवताना दोन्हीकडे खूण करायची आणि बसवताना त्याच खुणेवर बसवायचा, हा या धंद्यातला पहिला धडा. कारण बसण्याची जागा फिरली की सगळ्या जोडणीचा तोल बिघडू शकतो. क्लच करणाऱ्याने ना खूण केली, ना जुनी खूण बघितली.

क्रॉस ६५० रुपये. मजुरी ९००. तपासणीचे ७००. एकूण २,२५०. एक दुपार. सासूबाई पुढच्या खेपेला शिरवळपर्यंत झोपून आल्या.

ही गोष्ट "मोठी गॅरेज वाईट, गल्लीतला मिस्त्री ग्रेट" म्हणून वाचू नका. तसं मला म्हणायचं नाही. ज्या गॅरेजने शाफ्ट बिनखुणेचा बसवला तेही गल्लीतलंच होतं. मला म्हणायचंय ते वेगळं आहे. त्या मिस्त्रींनी केलेल्या कामात काहीही जादू नव्हती. एक वही, एक चक्कर, एकेक शक्यता खोडत जाणं. मग बाकी चौघांनी ते का केलं नाही? त्यांना येत नव्हतं म्हणून? मला नाही वाटत. त्यातल्या दोघांना तरी नक्की येत असणार.

त्यांनी ते केलं नाही, कारण आपल्याकडे निदानाला किंमत नाही.

गॅरेजची कमाई येते पार्टच्या मार्जिनमधून आणि पार्ट बसवण्याच्या मजुरीतून. टायर बदलला की पैसे मिळतात. शॉकअप बदलला की पैसे मिळतात. दोन तास हायवेला चक्कर मारून "तुमचे टायर आणि शॉकअप चांगले आहेत" असं सांगितलं तर किती मिळतात? शून्य. उलट गिऱ्हाईक म्हणणार, "काहीच केलं नाही, आणि पैसे कसले मागता?" आमच्याच घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी त्या मिस्त्रींना तोंडावर विचारलं, "क्रॉस साडेसहाशेचा, मग नुसतं बघायचे सातशे?" २८,४०० रुपये निमूटपणे गेले, त्याला कुणाची हरकत नव्हती. कारण त्या बदल्यात हातात काहीतरी नवीन, चकचकीत, डब्यातलं मिळालं होतं. ज्या ७०० रुपयांनी प्रश्न सुटला, ते मात्र डोळ्यात आले.

मोठ्या वर्कशॉपची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे तुमच्याशी बोलतो तो टॅब घेतलेला ॲडव्हायझर, गाडीला हात लावतो तो दुसराच. मधे जॉब कार्ड. तुम्ही पाच वाक्यं बोलता, कार्डवर तीन शब्द उतरतात, "व्हायब्रेशन, चेक करणे". "क्लचनंतर", "नव्वदला", "स्टिअरिंगला नाही, सीटला", हे सगळं काउंटरवरच गळून पडतं. आणि ज्या पोराने गाडी बघायची त्याला ती नव्वदला चालवायला कुठे मिळते? वर्कशॉपच्या आवारात तीसच्या वर वेग जात नाही. नव्वदला येणारा आजार तीसवर शोधायचा, म्हणजे जिन्याखाली हरवलेली किल्ली उजेड आहे म्हणून रस्त्यावर शोधण्यासारखं.

बरं, हा फक्त पैशाचा प्रश्न असता तर मी एवढं लिहीत बसलो नसतो. गेले २८,०००, शिकलो म्हटलं असतं. पण वेगाला येणारा हादरा ही अनेकदा शेवटची सूचना असते. टायरच्या आतले पट्टे एकमेकांपासून सुटायला लागले की आधी थरथर येते, मग टायरला फोड दिसतो, मग तो फुटतो. जाम झालेला क्रॉस वेगात तुटला आणि शाफ्टचं पुढचं टोक खाली पडलं तर ते रस्त्यात रुतू शकतं. चाकाचे नट ढिले असले तरी पहिली खूण थरथरच असते. आणि अशा गाडीला आपण "चालवा बिनधास्त" म्हणून सर्टिफिकेट देतो.

कुठल्या रस्त्यावर? समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, छोट्या गाड्यांना वेगमर्यादा ताशी १२०. ज्या गाडीने आयुष्यात सलग एक तास नव्वद बघितलं नाही, ती तिथे चार-पाच तास शंभरच्या वर धावते, उन्हाळ्यात, विदर्भ-मराठवाड्याच्या तापलेल्या काँक्रीटवर. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस पेटली, २५ माणसं गेली. चालकाने टायर फुटल्याचं सांगितलं. परिवहन विभागाच्या प्राथमिक अहवालात टायर फुटल्याचा पुरावा नाही, अशा बातम्या नंतर आल्या. त्या अपघाताचा निवाडा करायला मी कोण? पण एक गोष्ट बघा. अपघात झाला की "टायर फुटला" हे आपल्याकडे उत्तर म्हणून चालून जातं, जणू टायर ही देवाच्या मर्जीने फुटणारी वस्तू आहे. टायर का फुटला, आधी काही खूण होती का, कुणाला सांगितली होती का, त्याने काय केलं, हे पुढचे प्रश्न कुणी विचारत नाही. गॅरेजमध्ये न विचारलेला प्रश्न अपघातानंतरही कुणी विचारत नाही.

आता सरकारकडे वळू.

तुमची पांढऱ्या पाटीची गाडी घेतलीत की नोंदणी १५ वर्षांची. या १५ वर्षांत पीयूसी सोडली तर कायद्याने कुणीही तुमच्या गाडीखाली वाकून बघत नाही. धूर ठरलेल्या मुदतीने तपासायचा, पण टायर, स्टिअरिंगचे सांधे, शाफ्ट, ब्रेक, हे थेट १५ वर्षांनी! इंग्लंडमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी. जर्मनीत पहिली तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी. तिकडचे रस्ते कसे आणि आपले कसे, हे वेगळं सांगायला हवं का? ज्यांचे रस्ते गुळगुळीत ते दरवर्षी गाडी खालून बघतात, आणि ज्यांच्या रस्त्यावर रिम वाकतात ते १५ वर्षं बघत नाहीत.

पिवळ्या पाटीचं काय? तिथे पासिंग आहे. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम २०२१ मध्ये आले, आणि यंत्राने तपासणी ही चांगलीच गोष्ट आहे. माणसाच्या डोळ्याला आणि खिशाला वाव कमी. रोलरवर ब्रेक बघतात, दिवे, धूर, सांध्यांची ढिलाई बघतात. पण "ही गाडी आपल्या नेहमीच्या वेगाला हादरते का?" हा साधा प्रश्न चालकाला विचारून लिहून घेणारा रकाना कुठे आहे? हॉस्पिटलच्या फेऱ्या करणाऱ्या, शाळेच्या, देवदर्शनाच्या व्हॅन वर्षभर माणसं वाहतात. चालकाला सगळं माहीत असतं. त्याला कुणी विचारतच नाही, आणि त्याने आपणहून सांगितलं तर पासिंग अडकेल या भीतीने तो बोलत नाही.

इथे दोन आक्षेप येणार, तर आधीच घेतो.

एक, "प्रत्येक खासगी गाडीला तपासणी म्हणजे नवीन चराऊ कुरण. एजंट, लाच, रांगा." भीती खरी आहे, मीही रांगेत उभा राहिलेला माणूस आहे. पण मग पीयूसीसुद्धा बंद करा. तपासणी भ्रष्ट होईल म्हणून तपासणीच नको, या न्यायाने रेशन, परीक्षा, निवडणुका सगळंच बंद करावं लागेल. यंत्राची नोंद, छापील अहवाल मालकाच्या हातात, आणि तपासणारा दुरुस्ती करणारा नको, एवढी तीन पथ्यं पाळली तरी खूप काही साधेल.

दोन, "गरीब मिस्त्रीच्या पोटावर पाय कशाला?" उलट आहे. निदानाला दर मिळाला तर फायदा त्याचाच आहे. ज्या मिस्त्रीला कान आणि हात आहेत, पण लाखांचं मशीन नाही आणि पार्टचं मोठं दुकानही नाही, त्याची खरी पुंजी तीच. आज आपण त्याला सांगतो की तुझ्या डोक्याला पैसे नाहीत, फक्त तुझ्या पान्याला आहेत. मग तो पाना चालवतो. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स करून पोरगा बाहेर पडतो आणि गॅरेजमध्ये पहिल्या दिवशी शिकतो काय, तर "विचार करू नको, बदल." हे त्या पोराचंही नुकसान आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

१. निदानाचा वेगळा दर. गॅरेजच्या भिंतीवर जसे ऑइल बदलण्याचे, बॅलन्सिंगचे दर लावलेले असतात तसाच "तपासणी, चक्कर मारून" याचा दर लावा. आणि आपण तो घासाघीस न करता द्यायचा.

२. लेखी निदान. पार्ट बदलण्याआधी कागदावर, किमान मोबाइलवर, दोन ओळी. काय दोष आहे, आणि तो कशावरून कळला. "कशावरून" हा शब्द महत्त्वाचा.

३. पक्कं बिल आणि जुना पार्ट परत. बिल न देणं हा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी व्यवहार आहे. सेवेत त्रुटी असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, पण कागद नसेल तर तिथे बोलणार काय?

४. पासिंगच्या अर्जात एक प्रश्न. हादरा, ओढ, आवाज आहे का, किती वेगाला. आणि उत्तर "हो" दिलं म्हणून दंड किंवा नापास नाही, फक्त त्या भागाची नीट तपासणी.

५. खासगी गाड्यांची पाच वर्षांनी, मग ठराविक काळाने, खालून तपासणी. टायर, सांधे, ब्रेक, शाफ्ट. एवढंच.

सरकार करेल तेव्हा करेल. तोपर्यंत तुमच्या हातात आहे ते हे.

गॅरेजमध्ये जाण्याआधी पाच गोष्टी लिहून न्या. कधीपासून (त्याआधी कुठलं काम झालं होतं), किती वेगाला सुरू, किती वेगाला सगळ्यात जास्त, स्टिअरिंगला की सीटला, ब्रेक दाबल्यावर वाढतो का. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा शिक्का असतो, उदाहरणार्थ २३१९, म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. तो बघा. हात फिरवून फोड, उंचवटा बघा. रिमच्या आतला चिखल धुवा. नट घट्ट आहेत ना बघा. थरथर अचानक सुरू झाली किंवा दिवसागणिक वाढत असेल तर "बघू पुढच्या आठवड्यात" नको, वेग कमी करा आणि गाडी दाखवा. न्यूट्रलची आणि स्टँडची चाचणी मात्र घरी करू नका, ती जाणकाराचीच कामं. घाटात, उतारावर तर न्यूट्रल अजिबात नाही.

आणि मिस्त्री म्हणाला "हे बदलून बघू", तर शांतपणे एकच विचारा, "कशावरून?" उत्तर आलं तर बदला. नाही आलं तर त्याला सांगा, "दादा, बदलायचे पैसे तेवढेच ठेवा, पण आधी शोधायचे वेगळे घ्या आणि माझ्यासोबत एक चक्कर मारा." यावर जो गाडीत येऊन बसेल, तो तुमचा मिस्त्री. त्याला सोडू नका.

कॉमेंटमध्ये गॅरेजची नावं टाकून शिव्या घालू नका, मी काढून टाकीन. तुमच्या गाडीचा हादरा शेवटी कशात निघाला आणि तोपर्यंत कायकाय बदललं गेलं, एवढं दोन ओळींत लिहा. कुणाची तरी पुढची फेरी वाचेल.

पोस्ट कॉपी करून पुढे पाठवायला हरकत नाही. नाव नाही टाकलं तरी चालेल.